समोरच्या सुभेदारांचं उलटं भिंग

मुंगीला ‘सावधान’ म्हणणारा आणि ती खरोखर थांबेपर्यंत जागचा न हलणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. मुंगी थांबायची का, असं मला लोक विचारतात. कधी थांबायची, कधी नाही. पण थांबली नाही तर चूक मुंगीची, हे समोरच्या सुभेदार काकांचं ठाम मत होतं. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. फौजेत गेले ते बंदूक चालवायला नव्हे, तर वर्कशॉपमध्ये बसून दुर्बिणींची आणि तोफांच्या नेमाची भिंगं दुरुस्त करायला. त्यात तीस वर्षं काढली आणि शेवटची बदली दिल्ली कँटला, म्हणजे लष्करी छावणीत, झाल्यावर इथेच निवृत्त झाले. तेव्हा द्वारका नावाचं उपनगर म्हणजे नुसते विजेचे खांब, धूळ आणि पाण्याचे टँकर होते. सगळे म्हणाले, सुभेदारांना वेड लागलंय, कोल्ह्यांच्या शेजारी घर घेतायत. काका म्हणायचे, कोल्हे गेले, मेट्रो आली, आणि मला वेड लागलंय म्हणणारे आता भाड्याने घर शोधतायत. सोसायटीतली माणसं त्यांना ‘सूबेदार साहब’ म्हणायची आणि पोरं ‘चींटी अंकल’. दोन्ही हाकांना ते सारख्याच कडकपणे ‘यस’ म्हणायचे.

आता हा माणूस साठी उलटल्यावर किड्यामुंग्यांच्या मागे का लागला, ते आधीच सांगते, म्हणजे पुढच्या त्यांच्या सगळ्या वेडेपणाकडे तुम्ही नीट डोळ्यांनी बघाल. काकूंची नजर पूर्वी अशी होती म्हणे, की तांदूळ निवडताना शेजारणीच्या ताटातला खडा त्यांना आधी दिसायचा. मग एके दिवशी काकांच्या भातात खडा आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. काका दाताला जीभ लावून गप्प राहिले, पण तिसऱ्या खड्याला दाढेचा तुकडा उडाला तेव्हा काकूंना घेऊन तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजतोय, समोर बघायला गेल्या की मधोमध डाग दिसणार, कडेचं मात्र अजून दिसेल. ‘अजून’ म्हणजे किती, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. घरी येऊन काकूंनी स्वयंपाकाला सुरुवात केली. काका बराच वेळ बाल्कनीत उभे राहिले आणि आत येऊन एवढंच म्हणाले, बारीक दिसत नाही ना, मग बारीक ते मोठं करू. या माणसाला रडता येत नव्हतं, भिंग तेवढं लावता येत होतं. नजर आहे तोवर तिला जेवढं म्हणून दाखवता येईल तेवढं दाखवायचं, हीच त्यांची निवृत्तीनंतरची ड्यूटी ठरली.

कॅमेरा बंगळूरच्या मुलाने दिला होता, आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा. काकांनी तो आधी उघडून आत डोकावून पाहिलं आणि आरसा खरंच नाही म्हटल्यावर दिवसभर अस्वस्थ होते. ज्या यंत्रातला आरसा पुसण्यात लोकांची उमर गेली, तो आरसाच काढून टाकला म्हणजे काय. पण त्याच्या मागच्या पडद्यावर जे स्पष्ट दिसतंय त्याच्या कडेला लाल रेघ उमटते, हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला मनापासून माफ केलं. मग जवळचे फोटो काढायचं खास भिंग बघायला करोल बागेत गेले. दुकानदाराने किंमत सांगितली. काकांनी ते भिंग, दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं तसं, दोन्ही हातांनी त्याला परत दिलं आणि घरी आले. माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली, तिच्यातून त्यांचा जुना रोलचा कॅमेरा काढला, त्याचं पन्नास मिलिमीटरचं भिंग फिरवून वेगळं केलं आणि नव्या कॅमेऱ्यापुढे उलटं धरलं. काकूंच्या हातावरचा तीळ पडद्यावर बोराएवढा दिसला. वर्कशॉपमध्ये दुर्बीण उलटी धरून आम्ही स्क्रूचे आटे तपासायचो, असं ते नंतर येईल त्याला सांगायचे. दूरचं दाखवणारं भिंग पाठमोरं केलं की जवळचं दाखवतं, फक्त ते पाठमोरं करायची लाज वाटता कामा नये. भिंग उलटं बसवायची एक कडी मिळते, ती चांदनी चौकातल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीतून त्यांनी समोशाच्या प्लेटीएवढ्या पैशात आणली. पुढे मधे घालायच्या पोकळ नळ्या आणल्या; नळी जितकी लांब तितकी मुंगी मोठी. त्या नळ्यांमध्ये काचबिच काही नसते, हवा असते. महागातल्या नळ्यांतही हवाच असते, हे सांगताना काकांना जो आनंद व्हायचा, तो मी कुठल्या मेडल मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

त्या जुन्या भिंगाने काकांनी तरुणपणी फक्त काकूंचे फोटो काढले होते. कँटच्या क्वार्टरबाहेर काकू, लष्करी ट्रकला टेकून काकू, बर्फात नऊवारीवर फौजी कोट घातलेल्या आणि चिडलेल्या काकू. चार अल्बम भरून नुसत्या काकू. काका एकाही फोटोत नाहीत, कारण काका कायम भिंगाच्या मागे. समोर कॅमेरा धरला की हा माणूस पाणी प्यायला तरी जायचा, नाहीतर पंखा दुरुस्त करायला तरी. मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा एक कोपर तेवढा सापडतो.

तर या उलट्या भिंगाची कवायत पहाटे चालायची. फौजेत दिवस उजाडायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या जागी तयार राहायची रीत असते. काका म्हणायचे, ती रीत माणसांपेक्षा किड्यांसाठीच जास्त बरी. पहाटे गारठ्याने किडे सुस्त असतात, अंगावर दव असतं, उडायचं बळ नसतं. काका सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे, कुंपणाच्या भिंतीलगत, पोटावर पालथे. कोपराखाली राजमा भरलेला जुना फौजी मोजा, त्यावर कॅमेरा. भिंग उलटं असलं की फोकसची कडी फिरवून काही होत नाही, आपणच राईभर पुढे-मागे व्हावं लागतं, आणि तेही श्वास अर्धा सोडून, उरलेला रोखून, रायफलीचा घोडा दाबतात तसं. प्रकाशासाठी फ्लॅशवर दह्याच्या डब्याचा कापलेला पांढरा तुकडा. एकदा फिरायला आलेल्या बायकांना मेंदीच्या झुडपातून दोन पाय तेवढे बाहेर आलेले दिसले आणि त्यांनी गेटवर आरडाओरडा केला. गेटवरचा गार्डही गढवालचा माजी फौजी. तो धावत आला, पाय ओळखले, खाडकन सलाम ठोकला आणि बायकांना हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, शोर मत कीजिए, साहब पोज़ीशन में हैं.’ मग तोही पाय आवळून तिथेच उभा राहिला. काका उठले ते अर्ध्या तासाने, छातीभर चिखल आणि चेहऱ्यावर असं हसू, की त्या बायकांनी तक्रार करायचं राहूनच गेलं.

मला त्यांनी भरती कशी केली, ते मलाच नीट आठवत नाही. मी बँकेत नोकरी करणारी, सकाळी सातला उठणं हा अन्याय मानणारी बाई. पण लिफ्टमध्ये सहा मजले होईपर्यंत हा माणूस बोलायचा, आणि आमची लिफ्ट दर मजल्याला दम खाणारी. पंधरा दिवसांत मी पालथी पडायला शिकले. आधी मी विचारलं होतं, काका, चटई आणू का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा मी शाल मागितली असती तरी चाललं असतं. ‘पोरी, किडा चटईवर राहतो का?’ झालं, विषय संपला. माझे पहिले शंभर फोटो नुसत्या हिरव्या धुराचे. त्यांनी एकही पुसू दिला नाही. म्हणाले, धूर पाहिल्याशिवाय धार कळत नाही. नवऱ्याने मला एकदा ड्रेसच्या कोपरावरचे चिखलाचे डाग दाखवून, हे काय चाललंय, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर नवरा सोडून आणखी एका माणसाची हुकमत आहे, आणि तो फार कडक आहे.

खरी मजा मात्र सकाळी साडेआठला, काकांच्या दिवाणखान्यात. मोठा टीव्ही, त्याला कॅमेऱ्याची वायर, आणि काकूंची खुर्ची टीव्हीसमोर नव्हे तर जराशी तिरकी, कारण काकूंना समोर बघितलं की मधोमध डाग दिसायचा आणि मान वळवून कडेने बघितलं की चित्र यायचं. मान कलती करून, हनुवटी खांद्याकडे नेऊन त्या बघत, जसं काही टीव्हीवर रुसल्यात. आणि नावं सांगायचं काम त्यांचं. काकांकडे सगळ्यांना हुद्दे होते, हा हवालदार, हा लान्सनाईक. खऱ्या नावाचा पत्ता नाही. माझा जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची असली तरी किड्यांच्या बाबतीत माझं मराठी ‘कीडा’ या एका शब्दावर संपत होतं. काकू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या आणि म्हणायच्या, अगं, हा मुंगळा, मुंगी नव्हे. हा नाकतोडा. हा चतुर, याच्या शेपटीला आम्ही दोरा बांधायचो, पाप लागलं असेल. हा पिंगा घालतो तो भुंगा, आणि ही कुंभारीण, भिंतीवर मातीचं घर करते ती. ज्या बाईला ताटातलं मीठ दिसत नव्हतं, ती मला कुंभारीण माशीची कंबर दाखवत होती. मी बँकेत उशिरा पोचायचे आणि मेट्रोच्या ट्रॅफिकचं कारण सांगायचे. मेट्रोला ट्रॅफिक नसतं, हे मॅनेजरलाही ठाऊक होतं.

काकूंना मात्र कुणी आंधळी समजलेलं खपायचं नाही. हाताने चाचपून सगळा स्वयंपाक करायच्या. एका रविवारी त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला जेवायला बोलावलं, राजमा-चावल. पहिला घास घेतला आणि काका थांबले. मीही थांबले, कारण माझ्या दाताखाली कचकन वाळू आली. मी मान वर केली, तर काकांची नजर दाराजवळच्या खुंटीवर, जिथे रोज तो फौजी मोजा लटकलेला असायचा. खुंटी रिकामी. चार महिने पंपाच्या खोलीमागे लोळलेला राजमा काकूंनी मोज्यातून काढून, धुऊन, भिजवून, उत्तम फोडणी देऊन आमच्या पानात वाढला होता. बोटांना राजमा राजमाच लागला, चिखल दिसायला नजर कुठून आणणार. काकू विचारत होत्या, कसा झालाय? काकांनी माझ्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा घास गिळून मोकळा झाला. ‘फर्स्ट क्लास,’ काका म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. मीही घेतला. नंतर आमच्या घरात शिरता शिरता नवरा मला म्हणाला, यार, हे लोक आपल्याला आवडतात ते ठीक आहे, पण पुढच्या वेळी जेवून जाऊ. दुसऱ्या दिवशी काकांनी मोज्यात तांदूळ भरले आणि तो मोजा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. त्या फळीपर्यंत काकूंचा हात पोचत नव्हता.

त्या हिवाळ्यात डाग वाढला. काकूंची मान आता इतकी वळायची की त्या टीव्हीऐवजी खिडकी बघतायत असं वाटावं. काकांनी आणखी एक नळी जोडली, मुंगीचा एक डोळाच अख्ख्या पडद्यावर आणला. फोटो मोठे होत गेले तसे काका बारीक होत गेले. दाढी वाढलेली, स्वेटर उसवलेला, पहाटे पाचपासून भिंतीमागे. मला राग यायचा. म्हातारा निमोनियाने जाईल आणि मग काकूंना मुंगी कोण दाखवणार, असं मी त्यांना तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मफलर बांधून पाच वाजता हजर.

एकदा ते दूध आणायला खाली गेले होते, तेव्हा काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, ‘एक काम करशील? त्यांना सांगू नकोस, पळून जातील. मला मुंगीचे पाय दिसतात, पण त्यांचं तोंड दोन वर्षांत दिसलेलं नाही. जिथे बघते तिथे डाग. डाग बोलतो, डाग चहा पितो. मला एकदा त्यांना बघायचंय, कडेचं आहे तोवर.’ आणि मग, माझा हात सोडता सोडता, ‘अल्बममध्ये पण नाहीत गं ते. सगळीकडे मीच मेली.’

मी फोनवर चोरून काकांचा एक फोटो काढला, पेपर वाचतानाचा, आणि तो टीव्हीवर लावला. काकू पुष्कळ वेळ मान वळवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मिशी दिसते, टोपी दिसते. हा कुठलाही रिटायर सुभेदार असेल, कँटात असे शंभर फिरतात. बरोबर होतं त्यांचं. चाळीस वर्षं ज्या माणसाला जवळून ओळखलं, तो लांबून कसा ओळखू येणार? शेवटी मी काकांनाच सगळं सांगून टाकलं. पळून जातील म्हणून दारात उभी राहिले. ते पळाले नाहीत. खाली बघत म्हणाले, दाढी करतो. अर्ध्या तासाने बाहेर आले ते दाढी घोटून, केसांना तेल लावून, रेजिमेंटचा टाय बांधून. मी म्हटलं, काका, टाय दिसणार नाही, फक्त चेहरा, तोही तुकड्या-तुकड्याने. ते म्हणाले, असू दे.

तेच जुनं भिंग, उलटं. मी त्यांच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर. आणि काय सांगू, जगातल्या समस्त कीटकांना सावधान करणारा हा माणूस क्षणभर स्थिर राहीना. पापणी लवे, ओठ थरथरे, मधेच हसू येई, मधेच म्हणे पंख्याचा आवाज येतोय, बघून येतो. नाकतोडा परवडला. शेवटी मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, ‘सुभेदार, सावधान. श्वास अर्धा सोडा, बाकीचा रोखा.’ आणि त्यांनी खरंच रोखला. पडद्यावर लाल रेघ त्यांच्या भुवईवर आली, मग कानाच्या पाळीवर, मिशीच्या टोकावर, हनुवटीवरच्या जुन्या टाक्यांवर, आणि शेवटी डोळ्यावर. डोळ्यावर रेघ थरथरत होती. माझा हात हलत असेल, किंवा त्यांच्या डोळ्यात पाणी असेल.

काकू तिरक्या खुर्चीत बसल्या. काका टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकून उभे, इन्स्पेक्शनला उभे राहतात तसे. भुवई आली. काकू म्हणाल्या, ही चीर, सायकलवरून पडला होतात, लग्नाच्या आधी. कान आला. ‘कानातले केस कोण काढणार?’ टाके आले तेव्हा त्यांनी नकळत हात पुढे करून हवेतच अंगठा फिरवला. मग डोळा आला, पडद्याभर एकच, सभोवती सुरकुत्यांचं जाळं, पापणीचे केस पांढरे. काकूंनी मान इकडून वळवली, तिकडून वळवली, खुर्ची सरकवून घेतली. काका मला विचारू लागले की फोकस गेलाय का.

काकू म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही म्हातारे झालात. मला कुणी सांगितलंच नाही.’

काका म्हणाले, ‘तुला दिसत नव्हतं म्हणून तर झालो.’

त्या हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच चहाचं आधण ठेवलं, आणि तिथे उभी राहून पोटभर रडले. ते पाच फोटो पुढचे कित्येक दिवस रोज सकाळी मुंग्यांच्या आधी लागायचे, प्रार्थनेसारखे.

उन्हाळा संपेपर्यंत कडेचंही गेलं. मुलगा बंगळूरला न्यायला आला होता, पण काकूंनी साताऱ्याचं गाव मागितलं. तिथली भिंत न् भिंत हाताला ठाऊक आहे म्हणाल्या. जाताना काकांनी ती कडी, नळ्या, दह्याचा डबा आणि तांदळाचा मोजा माझ्या स्वाधीन केला आणि पावती म्हणून सलाम मागितला. मी केला, चुकीच्या हाताने. भिंग मात्र बरोबर नेलं. मी करोल बागेत जाऊन तसलंच एक जुनं शोधलं, आणि आता रविवारी पंपाच्या खोलीमागे मी पालथी असते. नवा गार्ड मला सलाम करत नाही, नुसता लांबून बघतो. नंतर काकांचा फोन येतो, ‘रिपोर्ट?’ मी स्पीकरवर सांगत जाते, पाय सहा, पंखावर चट्टे, कंबर बारीक, आणि पलीकडून काकू नाव सांगतात. अजून एकदाही चुकल्या नाहीत.

परवा नाव सांगून काकू आत गेल्या, आणि काका फोनवर एकटेच राहिले. मी विचारलं, काका, तुम्ही कसे आहात? ते म्हणाले, गुडघा धरतो, दात गेले, गावात आल्यापासून आणखी वाकलोय. पण तिला कुठे माहीत आहे, तिच्यासाठी मी आता त्या दिवशी होतो तेवढाच राहणार.

‘बरं झालं पोरी,’ ते म्हणाले, ‘त्या दिवशी दाढी केली होती.’